जीनोमिक्समधल्या संशोधकाची सायटेशन कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायोइन्फॉर्मॅटिक्समध्ये एमएस्सी केलेल्या एका विद्यार्थिनीसमोर पीएचडीसाठी दोन गाईड आहेत, दोघंही जीनोमिक्समधले, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएचा अभ्यास करणारे. एका सरांच्या गुगल स्कॉलर प्रोफाइलवर सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी त्यांच्या पेपरांचे दिलेले संदर्भ, 50 हजारांच्या घरात आणि एच-इंडेक्स (सायटेशनवरूनच काढलेलं माप, खाली सांगतो) साठीच्या आसपास. दुसऱ्या मॅडमची सायटेशन जेमतेम दोन हजार, एच-इंडेक्स विशीच्या आत. वयात फार अंतर नाही. घरचे, मित्र, कॉलेजातले शिक्षक सगळे म्हणतात की सरांकडे जा, केवढं नाव आहे त्यांचं. तिला विचारायचंय की हा आकडा खरंच एवढं सांगतो का.

मी बरीच वर्षं जीनोम डेटाच्या विश्लेषणात आहे आणि निवड समित्यांवर बसून अशी प्रोफाइल भरपूर वाचली आहेत. माझं उत्तर असं: आकडा काहीतरी नक्की सांगतो, पण तुम्हाला जे हवंय ते त्यात बहुतेक वेळा नसतं. तुम्हाला हवंय ते म्हणजे हा माणूस स्वतः प्रश्न शोधतो का, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो शोधायला शिकवतो का. हे प्रोफाइलमधून कळू शकतं, फक्त बेरीज सोडवून पाहावी लागते.

जीनोमिक्समध्ये एकाच माणसाच्या यादीत चार अगदी वेगळ्या जातीचे पेपर शेजारी शेजारी बसलेले असतात: मोठ्या आंतरराष्ट्रीय संघांचे, सॉफ्टवेअरचे, मार्गदर्शक तत्त्वांचे किंवा आढाव्याचे, आणि त्याने स्वतःचा प्रश्न घेऊन केलेले. प्रोफाइल उघडा, यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरचे तीसेक पेपर या चार गटांत विभागा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि पाच वर्षांचा निर्णय त्यावर घ्यायचाय, तेव्हा कंटाळा करू नका.

संघांपासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. मानवी जीनोमच्या पहिल्या आराखड्याचा पेपर फेब्रुवारी 2001 मध्ये 'नेचर'मध्ये आला, लेखक दोन-अडीचशे. त्याच आठवड्यात क्रेग व्हेंटर यांच्या सेलेरा कंपनीचा पेपर 'सायन्स'मध्ये आला, तिथेही साधारण तेवढेच. मानवी जीनोममधला कोणता भाग काय काम करतो ते शोधणाऱ्या एन्कोड प्रकल्पाचा 2012 चा मुख्य पेपर चारशेहून जास्त नावांचा. मानवी जीनोमवर लिहिणारे लोक प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात अशा पेपरांना सायटेशन देतात, त्यामुळे त्यांचे आकडे प्रचंड वाढतात. आणि ही सायटेशन लेखकांमध्ये वाटली जात नाहीत. एखाद्या पेपरला 20 हजार सायटेशन असतील, तर यादीतल्या पहिल्या नावाच्या खात्यावर 20 हजार आणि एकशे नव्वदाव्या नावाच्या खात्यावरही 20 हजार.

एच-इंडेक्सचंही तसंच. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 मध्ये तो मांडला. तुमचे 40 पेपर प्रत्येकी निदान 40 वेळा सायट झाले असतील तर तुमचा एच-इंडेक्स 40. एक गाजलेला पेपर किंवा शंभर दुर्लक्षित पेपर यांनी माणूस मोठा दिसू नये, म्हणून ही युक्ती चांगली होती, आणि लेखक तीन-चारच असतात अशा विषयांत ती बरी चालते. पण जीनोमिक्समध्ये एखादा माणूस दहा-बारा वर्षं दोन-तीन मोठ्या प्रकल्पांत राहिला आणि प्रत्येक उपगटाच्या पेपरवर त्याचं नाव गेलं, की असे 40 पेपर होऊन जातात आणि त्यातला प्रत्येक पाचशेच्या पुढे असतो. इंडेक्स 40 तिथेच झाला. स्वतःचा प्रश्न त्याने एकदाही मांडलेला नसला तरी तो 40 च राहतो.

यात कमीपणा काहीच नाही, हेही सांगतो. गावोगाव जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणारे, लोकांना त्यांच्या भाषेत समजावून संमतीपत्रं घेणारे, रात्रभर सर्व्हर चालता ठेवणारे हे लोक नसते तर ते पेपर झालेच नसते. फक्त तुमच्या होऊ घातलेल्या गाईडने त्यात नेमकं काय केलं ते तुम्हाला कळायला हवं. पेपरच्या शेवटी 'ऑथर कॉन्ट्रिब्युशन्स' नावाचा बारीक टायपातला परिच्छेद असतो. तो वाचा. बऱ्याच जर्नलांमध्ये आता ठरलेल्या 14 भूमिकांपैकी कोणी कोणती निभावली ते लिहितात: कल्पना कोणाची, विश्लेषण कोणी केलं, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, पैसा कोणी आणला, मसुदा कोणी लिहिला. मोठ्या संघांत नावं गटवार असतात. विश्लेषण गटाचं नेतृत्व किंवा लेखन गटात नाव असेल, तर त्या माणसाने त्या पेपरसाठी आयुष्याची दोन-तीन वर्षं घातली आहेत असं समजा. नाव नुसतं एखाद्या केंद्राच्या लांबलचक यादीत असेल, तर त्या पेपरकडे पाहून गाईड निवडू नका.

आता सॉफ्टवेअर आणि पद्धतींचे पेपर. इथे मी रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या समित्यांमध्ये या कामाला हवा तेवढा मान अजून मिळत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2014 मध्ये 'नेचर'ने तोवरच्या सर्वांत जास्त सायट झालेल्या शंभर पेपरांची यादी काढली. पहिला नंबर 1951 च्या, प्रथिनांचं प्रमाण मोजण्याच्या लॉरी पद्धतीचा, तीन लाखांच्या वर सायटेशन. चौथा फ्रेडरिक सँगर यांचा 1977 चा, डीएनए वाचण्याच्या पद्धतीचा. दहावा क्लस्टल-डब्ल्यू, म्हणजे अनेक जनुकांचे क्रम एकाखाली एक जुळवून लावणारं सॉफ्टवेअर. बारावा 1990 चा ब्लास्ट, म्हणजे एखाद्या क्रमाशी मिळतेजुळते क्रम शोधणारं सॉफ्टवेअर, आणि चौदावा त्याच ब्लास्टची 1997 ची सुधारित आवृत्ती. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा पेपर त्या शंभरात नव्हताच. कारण सोपं आहे. शोध एकदा पाठ्यपुस्तकात गेला की त्याला कोणी सायट करत नाही. पद्धत मात्र दर वेळी वापरली की दर वेळी सायट करावी लागते. आजच्या जीनोमिक्समध्ये पीलिंक, जीएटीके, बोटाय, डीईसेक-2 या सॉफ्टवेअरांचं तेच चाललंय.

सॅमटूल्सचा 2009 चा पेपर एकदा प्रत्यक्ष काढून पाहा. 'बायोइन्फॉर्मॅटिक्स' जर्नल, पान 2078 आणि 2079. दोनच पानं. नऊ नावं आणि त्यांच्यामागे 1000 जीनोम्स प्रकल्पाचा डेटा-प्रक्रिया उपगट. पहिलं नाव हेंग ली, नवांतलं शेवटचं रिचर्ड डर्बिन. त्या दोन पानांत एका फाइल-फॉरमॅटची ओळख आहे: सिक्वेन्सिंग मशीनमधून आलेला प्रत्येक तुकडा जीनोमवर कुठे बसला, किती खात्रीने बसला, कुठे जुळला नाही, हे एका ओळीत कसं लिहायचं. सोबत त्या फाइली क्रमाने लावायच्या, त्यांची अनुक्रमणिका करायची, हवा तो भाग काढायचा आणि फरक शोधायचे यासाठी थोड्या कमांड. बस. पण त्या काळात प्रत्येक लॅबचा आपापला फॉरमॅट होता आणि एकाचा डेटा दुसऱ्याला वाचता येत नव्हता. आज हैदराबादला, हार्वर्डला किंवा नैरोबीला जीनोम वाचला तरी शेवटी हातात पडते ती बहुधा याच फॉरमॅटची आटोपशीर आवृत्ती, म्हणजे बॅम फाइल, किंवा तिच्याच कुळातली. या पेपरची सायटेशन दहा हजारांच्या पटीत आहेत आणि त्यातलं एकेक कमावलेलं आहे.

याहून बोलकं उदाहरण बीडब्ल्यूए-मेमचं. तुकडे जीनोमवर बसवणारं हे सॉफ्टवेअर. त्याचा पेपर हेंग ली यांनी 2013 मध्ये एकट्याच्या नावावर आर्काइव्ह या प्रीप्रिंट सर्व्हरवर, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच पेपर ठेवतात त्या जागी, टाकला. तीन पानांचा. तो पुढे जर्नलमध्ये आलाच नाही. हजारो पेपर तो सायट करतात. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्या जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात ते माप) गुण देणाऱ्या आपल्या तक्त्यांमध्ये त्या कामाची किंमत शून्य लागते, आणि ज्या तक्त्यात असं होतं तो तक्ता चुकीचा आहे असंच मी म्हणेन.

आणि ही सायटेशनही पूर्ण मोजली जात नाहीत. तुम्ही स्वतः एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये बीडब्ल्यूए-मेम वापरलं असेल, तर काय सायट केलंत ते आठवा. कोणी 2009 चा मूळ बीडब्ल्यूए पेपर देतं, कोणी लांब तुकड्यांसाठीचा 2010 चा, कोणी 2013 चा प्रीप्रिंट. एकाच सॉफ्टवेअरची सायटेशन तीन ठिकाणी फुटतात. त्यात मोठ्या जर्नलांमध्ये संदर्भांच्या संख्येला मर्यादा असते, म्हणून पद्धतींचा तपशील सप्लिमेंटरी फाइलमध्ये, म्हणजे पेपरच्या पुरवणीत, ढकलतात. त्या फाइलीतले संदर्भ मोजणी करणाऱ्या यंत्रणांना बहुतेक वेळा दिसतच नाहीत. सॉफ्टवेअरचं नुसतं नाव आणि व्हर्जन नंबर लिहून मोकळे होणारेही पुष्कळ. म्हणजे संघात नाव असणाऱ्याचा आकडा त्याच्या कामापेक्षा फुगलेला असतो आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा बरेचदा आक्रसलेला. दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणूनच निरर्थक आहे.

तुमच्या यादीत कोणाचा सॉफ्टवेअर पेपर असेल, तर गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, जाऊन त्या सॉफ्टवेअरचं पान उघडा. शेवटचा बदल कधी झालाय, लोकांनी नोंदवलेल्या अडचणींना उत्तर कोण देतंय, ते पाहा. 2016 मध्ये पेपर छापून नंतर कोणी ढुंकून पाहिलं नसेल, तर ती लॅब पेपरपुरतीच काम करते. आणि आठ वर्षांनंतरही कुठल्यातरी अनोळखी देशातल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर देत असेल, तर अशा माणसाकडे मी डोळे झाकून विद्यार्थी पाठवेन.

तिसरा गट पटकन उरकतो. आढावा लिहिणारे पेपर भरपूर सायट होतात, कारण दहा मूळ पेपरांऐवजी एक आढावा देणं सोपं पडतं. मार्गदर्शक तत्त्वांचंही तसंच. जनुकातला एखादा बदल रोगकारक आहे की निरुपद्रवी, हे पाच वर्गांत कसं ठरवायचं, याचे अमेरिकन संस्थांनी 2015 मध्ये दिलेले निकष आज क्लिनिकल जेनेटिक्सच्या पेपरांत जागोजागी दिसतात. महत्त्वाचं काम, पण ते समितीचं काम.

आता जो गट उरला तो तुमच्या कामाचा. संशोधकाचे स्वतःचे प्रश्न.

इथे नावांचा क्रम वाचता आला पाहिजे. जीवशास्त्रात पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं नाव ज्याच्या लॅबमध्ये आणि बहुधा ज्याच्या कल्पनेवर ते झालं त्याचं, आणि पत्रव्यवहारासाठी ज्याचा ई-मेल दिलेला असतो तो उत्तरदायी. 2009 मध्ये 'नेचर'मध्ये भारतीय लोकसंख्येच्या इतिहासावर एक पेपर आला होता: देशातल्या 25 समूहांतल्या 132 लोकांचा डीएनए तपासून आपल्या पूर्वजांतले दोन मोठे प्रवाह दाखवणारा. लेखक पाचच: हार्वर्डचे जनुकशास्त्रज्ञ डेव्हिड राइक, कुमारसामी थंगराज, निक पॅटरसन, अल्केस प्राइस आणि शेवटी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र संस्थेचे लालजी सिंग. नमुने आणि समूहांची जाण कोणाकडून आली, गणित कोणाचं, हे विषयातला माणूस नुसत्या नावांवरून सांगू शकतो. दहा वर्षांनी, 2019 मध्ये, दक्षिण आणि मध्य आशियावरचा 'सायन्स'मधला पेपर आला तेव्हा लेखक शंभरावर गेले होते, कारण कझाकस्तानपासून पाकिस्तानपर्यंतच्या उत्खननांतली हाडं त्यात होती.

त्याच सुमारास 'सेल'मध्ये राखीगढीचा पेपर आला. हरियाणातल्या त्या हडप्पाकालीन दफनभूमीतले साठेक नमुने तपासले, आणि उष्ण हवामानात डीएनए इतका झिजलेला होता की त्यातल्या एकाच व्यक्तीचा, एका स्त्रीचा, जीनोम कसाबसा हाती लागला. पहिलं नाव वसंत शिंदे यांचं, तेव्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेले पुरातत्त्वज्ञ, ज्यांनी ते उत्खनन केलं. शेवटचं नाव राइक यांचं, ज्यांच्या लॅबमध्ये डीएनए वाचला गेला. दोन टोकांना दोन वेगळी शास्त्रं आणि मधली बहुतेक नावं लॅबमध्ये आणि खोदकामात राबलेल्यांची. या पेपरची सायटेशन शिंदे यांच्या खात्यावर दिसली म्हणून ते जीनोम विश्लेषक ठरत नाहीत, आणि राइक यांच्या खात्यावर दिसली म्हणून ते उत्खनन करणारे ठरत नाहीत. पेपर उघडून वाचल्याशिवाय हे कुठल्याही आकड्यातून कळत नाही.

तर चौथ्या गटातले असे पेपर वेगळे काढा ज्यात तुमच्या गाईडचं नाव शेवटचं किंवा उत्तरदायी लेखक म्हणून आहे. त्यांची सायटेशन बेरजेपेक्षा खूप कमी असतील. 50 हजारांतले कदाचित दीड-दोन हजारच उरतील. ते पाहून निराश होऊ नका, आणि त्या सरांबद्दल मत वाईटही करू नका. तुलना आता कुठे सुरू करता येईल, एवढंच.

आता सायटेशन आणि सत्य यांचा संबंध. तो आहे, पण सैल आहे. 2003 मध्ये 'सायन्स'मध्ये एक पेपर आला. मेंदूतलं सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात आखूड-लांब असा फरक असतो, आणि आखूड प्रकार असलेल्यांना आयुष्यातल्या आघातांनंतर नैराश्य जास्त येतं, असा त्याचा निष्कर्ष. तो हजारो वेळा सायट झाला, वर्षानुवर्षं त्यावर पेपर निघत राहिले. 2019 मध्ये काही लाख लोकांच्या डेटावर ते जनुक आणि नैराश्याशी जोडलेली इतर गाजलेली जनुकं, अशी एकूण 18 जनुकं, पुन्हा तपासली गेली. त्यांचा इतर कुठल्याही जनुकांपेक्षा जास्त संबंध आढळला नाही. ती सगळी सायटेशन आजही जागच्या जागी आहेत. ज्यांनी ते काम केलं त्यांनी त्या काळच्या लहान नमुन्यांवर प्रामाणिकपणे केलं होतं, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण आकड्याने सत्याची हमी दिली नाही.

ड्यूक विद्यापीठातल्या एका गटाचं प्रकरण याहून गंभीर. कर्करोगाच्या गाठीतल्या जनुकांच्या सक्रियतेवरून कोणतं औषध लागू पडेल हे सांगता येतं, असा त्यांचा 2006 चा 'नेचर मेडिसिन'मधला पेपर. गाजला, रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोघांनी मूळ डेटा घेऊन गणित पुन्हा करायचा प्रयत्न केला. जनुकांच्या यादीत एका ओळीचा सरक होता, म्हणजे प्रत्येक नाव शेजारच्या आकड्यासमोर गेलेलं. काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांची लेबलं उलटी लागलेली. 2009 मध्ये त्यांनी हे सगळं एका संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये छापलं. मूळ पेपर 2011 मध्ये मागे घेतला गेला. पंधराशे तास खपून दुसऱ्याची एक्सेल तपासणाऱ्या माणसांना कुठला इंडेक्स मान देतो, ते मला अजून सापडलेलं नाही, आणि या शास्त्राला त्यांचीच सगळ्यात जास्त गरज आहे.

म्हणून एक काम नक्की करा. गाईडचा एखादा महत्त्वाचा पेपर घ्या, खाली 'सायटेड बाय' वर क्लिक करा आणि त्यातले दहा-पंधरा पेपर उघडून पाहा, सायटेशन कुठे आलंय. प्रस्तावनेतल्या 'या विषयावर बरंच काम झालंय' अशा वाक्यामागे सात जणांच्या रांगेत आलं असेल तर ते हजेरीपुरतं. पद्धतींमध्ये आलं असेल तर कोणीतरी ते काम वापरतंय. निष्कर्ष किंवा चर्चेच्या भागात 'आमचा निकाल त्यांच्याशी जुळतो' किंवा 'जुळत नाही' असं आलं असेल, तर त्या कामावर लोक खरोखर विचार करतायत. कमी सायटेशनच्या मॅडमकडे शेवटच्या प्रकारची जास्त असतील, तर त्याचं वजन मोठं आहे.

जर्नलच्या नावावरून तर माणूस ठरवूच नका. इम्पॅक्ट फॅक्टर ही यूजीन गारफील्ड यांची कल्पना जर्नलांसाठी होती, कोणती जर्नलं महत्त्वाची आहेत हे ठरवण्यासाठी. माणसं मोजायला ती वापरू नये, असं 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात जगभरच्या शास्त्रज्ञांनी लेखी म्हटलंय. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. 2021 च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत विषाणूच्या काट्यावर कोणते बदल दिसतायत, हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या गटाने एप्रिलमध्ये प्रीप्रिंट म्हणून टाकलं. काही महिन्यांनी ते 'मायक्रोऑरगॅनिझम्स' या जर्नलमध्ये छापून आलं. 'नेचर' नाही, 'सेल' नाही. पण ज्या आठवड्यांत ती माहिती हवी होती, त्या आठवड्यांत ती जगासमोर होती. आणि इन्साकॉग या कोरोनाचे जीनोम वाचणाऱ्या देशभरच्या लॅबांच्या जाळ्यात (त्यात पुण्याची ही विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, आणि एनसीसीएस दोन्ही आल्या) ज्यांनी नमुन्यांमागून नमुने वाचून ते क्रम जिसेड या विषाणूंच्या क्रमांच्या जागतिक भांडारात टाकले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या खात्यावर त्याचं एकही सायटेशन नाही. भांडारातल्या क्रमाचा नंबर पेपरात लिहिला तरी तो सायटेशन म्हणून मोजला जात नाही.

नावांचा घोळही तपासा. आपल्याकडे हा फार आहे. एस. कुलकर्णी, ए. पाटील, व्ही. जोशी या नावांनी शोधलं तर पाच वेगवेगळ्या माणसांचे पेपर एकाच प्रोफाइलमध्ये सापडू शकतात, कारण गुगल स्कॉलर नवे पेपर आपोआप जोडतं आणि ते काढून टाकायचं काम त्या माणसाने करायचं असतं. उलट बाजूने, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे पेपर दोन नावांत विभागले जातात आणि आधीचे आठ-दहा पेपर हिशोबातच येत नाहीत. मधल्या नावात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं की आद्याक्षरही बदलतं. तुमच्या त्या मॅडमच्या बाबतीत हे झालंय का ते पाहा. त्यांचा ऑर्किड नंबर, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख-क्रमांक, असेल तर तो 16 अंकी नंबर टाकून यादी काढा, ती जास्त भरवशाची. आणि मुलांच्या वेळी मध्ये दोन-तीन वर्षं पेपर नसतील, तर त्या काळाला कामाची कमतरता समजू नका. एच-इंडेक्स फक्त चढतो, कधी उतरत नाही, त्यामुळे उशिरा सुरुवात केलेल्याला किंवा मध्ये थांबलेल्याला तो कायम मागे दाखवतो.

'जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत आपल्या कॉलेजचे प्राध्यापक' अशा बातम्या दर वर्षी येतात. ती यादी स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस यांच्या गटाची, स्कोपस या सायटेशन मोजणाऱ्या भांडाराच्या डेटावर केलेली. तिची रचना नुसत्या बेरजेपेक्षा बरीच शहाणी आहे: सहा मापं एकत्र केलेली आहेत, त्यात सहलेखकांच्या संख्येनुसार कमी केलेला एच-इंडेक्स आहे आणि एकट्या, पहिल्या किंवा शेवटच्या नावाच्या पेपरांची सायटेशन वेगळी धरलेली आहेत. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळूनही आकडे मिळतात. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी, हे मात्र बातमीत बहुधा नसतं. यादी डाउनलोड करता येते. तुमच्या सरांचं नाव असेल तर त्या ओळीतला पहिल्या-शेवटच्या नावांचा स्तंभ पाहा, तुम्ही वर हाताने जे केलंत त्याची पडताळणी होईल.

विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला मात्र याहून जवळचं काहीतरी पाहायचंय. गाईडचं नाव शेवटी असलेले गेल्या सहा-सात वर्षांतले पेपर घ्या आणि त्यांची पहिली नावं एका कागदावर लिहा. ती नावं विद्यार्थ्यांची आहेत का? तेच एक सीनियर पोस्टडॉकचं (पीएचडीनंतरच्या संशोधकाचं) नाव सगळीकडे आहे का? एका विद्यार्थ्याला पहिल्या नावाचा पेपर मिळायला किती वर्षं लागली? ते विद्यार्थी आता कुठे आहेत? मोठ्या संघात गुंतलेल्या लॅबमध्ये कधीकधी चार वर्षं डेटा साफ करून विद्यार्थ्याचं नाव 140 वं लागतं, आणि प्रबंधात लिहायला स्वतःचं असं काही उरत नाही. उलट काही लॅबांमध्ये संघाचा डेटा विद्यार्थ्यांना सगळ्यांच्या आधी मिळतो आणि त्यावर ते स्वतःचे सुंदर प्रश्न सोडवतात. दोन्ही लॅबांचं प्रोफाइल गुगल स्कॉलरवर हुबेहूब सारखं दिसेल.

त्यांचा डेटा आणि कोड उघडा आहे का, हेही बघा. पेपरच्या शेवटी 'डेटा अव्हेलेबिलिटी'त नंबर दिला असेल तर तो टाकून डेटा खरंच उतरतो का ते पाहा. मानवी डेटा असेल तर परवानगी लागणं रास्त आहे. भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाच्या सुमारे दहा हजार जीनोमांचा डेटाही फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातून अर्ज करूनच मिळतो. पण 'मागितल्यास देऊ' एवढंच लिहिलेलं असेल आणि दर पेपरात तसंच असेल, तर मी सावध होईन. सप्लिमेंटरीतली एखादी जनुकांची एक्सेल यादीही उघडा. 2016 च्या एका पाहणीत अशा याद्या असलेल्या पेपरांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात एक्सेलने जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकलेल्या आढळल्या होत्या, सेप्ट-2 या जनुकाचा 2 सप्टेंबर झालेला. शेवटी 2020 मध्ये त्या जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली. जुन्या पेपरात एखादी अशी चूक दिसली तर माफ. अलीकडच्या पेपरात चार दिसल्या, तर त्या लॅबमध्ये पेपर पाठवण्याआधी कोणी नीट वाचत नाही.

तर तुमच्या दोन नावांचं काय? मला जेवढं तुम्ही सांगितलंत त्यावरून मी मॅडमना नाकारणार नाही आणि सरांकडे धावणारही नाही. सरांच्या यादीतून संघांचे पेपर काढल्यावर शेवटच्या नावाचे, विद्यार्थ्यांनी पुढे नेलेले, लोक वाद घालतायत असे पाच-सहा पेपर उरत असतील, तर जा, कारण मग तुम्हाला चांगला गाईडही मिळतो आणि मोठ्या डेटाचं दारही. ते उरत नसतील आणि मॅडमच्या दोन हजारांतली बहुतेक सायटेशन त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांना मिळालेली असतील, तर माझं मत मॅडमच्या बाजूने आहे, घरच्यांना समजवायला थोडा वेळ गेला तरी.

ठरवण्याआधी दोघांच्याही लॅबमधून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या एकेका विद्यार्थ्याला ई-मेल करा. नम्रपणे लिहा, दोनच प्रश्न विचारा: तुमच्या प्रबंधाचा मूळ प्रश्न कोणाचा होता, आणि विश्लेषण अडलं तेव्हा गाईड तुमच्याबरोबर बसून फाइल उघडायचे का. उत्तर छोटं आलं तरी चालेल. मुलाखतीला जाताना त्यांचा शेवटच्या नावाचा एक पेपर पूर्ण वाचून जा, सप्लिमेंटरीसकट, आणि त्यातली तुम्हाला न पटलेली एक आकृती समोर ठेवून विचारा की इथे दुसरं स्पष्टीकरण का चालणार नाही. त्या प्रश्नावर ते कसे बोलतात ते नीट ऐका.